न लावलेल्या शेतातले भात

माझे अनुमान बरोबर होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडले त्यात चूक नेमकी कुठे झाली असे मला अनेकांनी विचारले, आणि दर वेळी मला याच वाक्यापासून सुरुवात करावी लागली. ज्या शेतात काहीही लावलेले नाही अशी सरकारी नोंद होती, त्या शेतात भात उभे होते. मी ते कावासाकीच्या कार्यालयात बसून उपग्रहाच्या छायाचित्रांतून शोधून काढले आणि सिद्ध केले. त्या भाताचे बी दुसरीकडे कुठेही उरलेले नव्हते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी वेगळे वागले असते, असे ठामपणे म्हणण्याचे धाडस मात्र अजून होत नाही.

काम काय होते ते थोडक्यात सांगते. जपानमध्ये भात खाणारे कमी होत गेले आणि पिकवणारी शेते तेवढीच राहिली. भाव कोसळू नयेत म्हणून शेतकऱ्याने भात लावू नये, दुसरे काही घ्यावे किंवा शेत नुसते राखावे, यासाठी सरकार कित्येक वर्षे पैसे देत आले आहे. नियम बदलले, योजनांची नावे बदलली. ज्या छोट्या डोंगरी नगरपालिकेचे काम आमच्या कंपनीकडे होते, तिच्या हद्दीत अशी राखलेली शेते अजून बरीच होती. अट ऐकायला सोपी होती: भात लावायचे नाही आणि शेत मोडूही द्यायचे नाही. बांध शाबूत हवेत, पाट साफ हवेत, गवत वेळच्या वेळी कापलेले हवे. उद्या गरज पडली तर पाणी सोडून लावणी करता येईल, इतके ते शेत तयार असायला हवे, आणि आज रिकामे.

रिकामे आहे की नाही हे दर उन्हाळ्यात कुणीतरी जाऊन पाहावे लागे. पालिकेत माणसे कमी, आणि जी होती तीही निवृत्तीला आलेली. म्हणून छायाचित्रांवरून पडताळणी करणारी प्रणाली हवी होती. ती प्रणाली उभारण्याचे काम माझ्याकडे आले. कंपनीतली पहिली दोन वर्षे मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात घालवली होती. हे काम माझे होते.

ते इतके माझे वाटण्याचे आणखी एक कारण होते. माझे वडील कापसाच्या पट्ट्यात तलाठी होते. कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे, हे शिवारात फिरून पाहायचे आणि सातबाऱ्यावर चढवायचे, ही त्यांची नोकरी. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जाई. अर्धे शिवार ते चालत आणि अर्धे चावडीतल्या बाकावर बसून लिहीत. कुणी येऊन सांगे, साहेब, आमच्याकडे कापूसच आहे. आणि वडील कापूस लिहीत. कुणाच्या गटासमोर पड, म्हणजे काही पेरलेले नाही, असे लिहायचे, कुणाच्या नाही, याचा त्यांचा काही हिशेब असे, तो मला कधी समजला नाही. शाळेत दहावीला असताना मी त्यांना म्हटले होते की ही पाहणी नाही, ही ऐकीव माहिती आहे. ते हसले होते. पुढे मी कृषी हवामान शिकले, मग दूरसंवेदन. आणि मनात कुठेतरी हे होते की, पाहणी म्हणजे काय ते मी दाखवीन.

जपानमध्ये शेत न लावण्याचे पैसे मिळतात, हे मी त्यांना फोनवर पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्यांना तो विनोद वाटला. चहाच्या टपरीवर त्यांनी तो सगळ्यांना ऐकवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“अवो बाई, इथं चार जणं विचारून राहिले, त्याचा फारम कुठं भेटते म्हणून,” ते म्हणाले. “मी सांगितलं, आमची पोरगीच मंजूर करते.”

जुलैच्या सुरुवातीला मी त्या गावी प्रत्यक्ष पाहणीला गेले. प्रणाली शिकवण्यासाठी खऱ्या नोंदी लागतात. कोणत्या शेतात काय आहे हे माणसाने पाहून लिहिले की मगच यंत्राला त्याच्याशी ताडून पाहता येते. पाहणीची पद्धत तिथे जुनी होती. प्रत्येक राखलेल्या शेताच्या कोपऱ्यात एक लाकडी पाटी रोवलेली असे. तिच्यावर गट क्रमांक, धन्याचे नाव आणि ‘लागवड नाही’ एवढेच शब्द. वाडीतले चार जण आणि पालिकेचे एक अधिकारी मिळून शेतामागून शेत फिरत, पाटीशी थांबत, पाहत, आणि चौघेही आपापला शिक्का कागदावर उमटवत. धन्याचा शब्द आणि चार शेजाऱ्यांचे शिक्के, एवढ्यावर ती योजना चालत होती. चौघांतला सर्वांत तरुण सत्तरीच्या आसपासचा होता.

डोंगराच्या पोटाशी, वरच्या टप्प्यावर एक लहान खाचर होते. पाटी मात्र खाली रस्त्याच्या कडेला रोवलेली होती. खालून वरचा बांध दिसत होता, बांधावरचे कापलेले गवत दिसत होते, आणि त्यापलीकडे नुसते आभाळ. सगळे तिथे थांबले. शेताची धनीण, ऐंशीच्या पुढची बाई, थर्मासमध्ये जवाचा थंड चहा आणि मिठात मुरवलेल्या काकड्या घेऊन आधीच उभी होती. मनातल्या मनात मी तिला आजीच म्हणू लागले, तोंडाने मात्र तिच्याशी आडनावापुढे आदराचे ‘सान’ लावूनच बोलत असे.

मी विचारले, वर जाऊन पाहायचे का?

“वर साप आहेत,” चौघांतला एक म्हणाला.

“यंदा फार,” दुसरा म्हणाला.

“शहरातले बूट बघून तर ते हमखास येतात,” तिसरा म्हणाला, आणि सगळे हसले. आजीही हसली. तिने माझ्या हातावर आणखी एक काकडी ठेवली. आकाशातून आमची शेते दिसतात म्हणे, असे तिने विचारले. मग आमच्या न्हाणीघराचे गळके छप्परही दिसत असेल. मी म्हटले, दिसेल. ती म्हणाली, मग मुलाला कळवा, तो पाच वर्षे झाली येतो म्हणतोय. चौघांनी शिक्के मारले. मी माझ्या वहीत त्या गटासमोर ‘प्रत्यक्ष पाहिले नाही’ असे लिहिले. माझ्या दृष्टीने ती एक रिकामी चौकट होती, आणि रिकाम्या चौकटी मला आवडत नाहीत.

कावासाकीला परतल्यावर मी पहिल्यांदा तोच गट उघडला. मेअखेरच्या छायाचित्रात खाचराच्या मधोमध एक काळसर आयत दिसत होता. उभ्या पाण्याचा रंग तसा दिसतो. जूनअखेर तो आयत हिरवा झाला होता आणि जुलैमध्ये अधिक हिरवा. भोवतालचे गवत कापले की फिके पडत होते, आयत मात्र आपल्या गतीने गडद होत होता. ही भाताची चाल आहे. इतर कोणतीही वनस्पती आधी पाणी आणि मग असा रंग या क्रमाने दाखवत नाही. आयत लहान होता, दोन मोटारी उभ्या राहतील एवढा. जुन्या पद्धतीच्या कोणत्याही प्रणालीला तो सापडला नसता. मी तीन वेगवेगळ्या मार्गांनी तपासले, तिन्ही उत्तरे एकच आली. मला आनंद झाला. तो आनंद मी लपवत नाही, कारण पुढच्या सगळ्याचे मूळ त्यात आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पालिकेच्या लोकांसमोर सादरीकरण होते. उदाहरण म्हणून मी तोच गट निवडला. गट क्रमांक पडद्यावर स्पष्ट दिसत होता. तो झाकावा हे मला सुचले नाही, आणि आमच्या विभागप्रमुखांनी आधी पाहिलेल्या मसुद्यात हे उदाहरण नव्हतेच, ते मी आदल्या दिवशी घातले होते. पाहणीत आमच्याबरोबर फिरलेले अधिकारी पुढच्याच खुर्चीत होते. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग अगदी सावकाश म्हणाले,

“डोंगराची सावली अशी दिसते, नाही का?”

मी सांगितले की सावली ऋतूप्रमाणे सरकते, हा आयत सरकलेला नाही.

विभागप्रमुख म्हणाले, त्या भागात पाणथळीत बोरूचे गवत फार उगवते असे ऐकून आहे. बोरू असण्याची शक्यता आपण खुली ठेवू या.

“बोरूला कुणी आयतात लावत नाही,” मी म्हटले. “शक्यता नगण्य आहे.”

 अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिले, मान लववली आणि फार उपयुक्त प्रणाली आहे असे म्हणाले. परत जाताना स्टेशनच्या वाटेवर विभागप्रमुख एकदाच बोलले. ते म्हणाले की पालिकेच्या लोकांना तुमच्याकडून माहिती नको होती, त्यांना तुमच्याकडून जागा हवी होती. मला तेव्हा ते वाक्य कळले नाही. व्यवसायातला काही संकेत असेल असे वाटले. तो शब्द आता मला पुरता कळतो. दोन वयस्क माणसांनी एकामागून एक मला दार उघडून दाखवले होते, आणि मी दोन्ही दारे पुराव्यानिशी बंद केली होती.

जे आतापर्यंत कुणी पाहिले नव्हते ते आता सभेच्या इतिवृत्तात आले. फेरपाहणी आवश्यक झाली. अर्जात बदल करण्याची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे तेवढा तुकडा वगळावा असेही करता येत नव्हते. अधिकाऱ्यांनी फेरपाहणीची तारीख दहा दिवसांनंतरची ठेवली आणि वाडीला आगाऊ कळवली. त्या दिवशी शेतात भात नसेल तर कागदावर काहीच लिहावे लागणार नाही, असा त्याचा अर्थ होता. मला तो अर्थ तिथे पोहोचल्यावर कळला.

आम्ही मोटारीने गेलो. खालच्या रस्त्यावर, पाटीजवळ, ते चौघे उभे होते. कुणाच्या हातात चहा नव्हता. त्यांनी अधिकाऱ्यांना नमस्कार केला, मलाही केला, आणि मग चौघेही जमिनीकडे पाहू लागले. अधिकारी मोटारीतून उतरलेच नाहीत. घड्याळ पाहून म्हणाले, दहा वाजायला अजून वेळ आहे, मी जरा कागद लावून घेतो. वरून विळ्याचा आवाज येत होता. मी वर चढले. साप नव्हते.

आजी खाचरात गुडघ्यापर्यंत वाकून भात कापत होती. निम्म्याहून अधिक झाले होते. कापलेले हिरवे भात तिने बांधावर ओळीत ठेवले होते, पिकलेल्याच्या पेंढ्या ठेवतात तसे. मी जवळ जाऊन भाताचे एक उभे ताट हातात घेतले आणि पात्याच्या आतून बोट फिरवले. भात पोटरीत होते. लोंबी आत तयार झालेली, बोटाला लागत होती. आठवडाभरात ती बाहेर आली असती. भाताचे ताट माझ्या खांद्याला लागेल इतके उंच होते. आजकालच्या वाणांत अशी उंची ठेवत नाहीत.

मी माफी मागितली. जपानीत माफीचे जेवढे प्रकार मला येत होते तेवढे सगळे वापरले. ती कंबर सरळ करत म्हणाली, तुमच्या यंत्राची नजर चांगली आहे. माझ्या नवऱ्यालाही वाटायचे की वरून कुणाला दिसणार.

मग कापता कापता तिने सांगितले. हे चिकट भात, ज्याचे कुटून मोची नावाचे गोळे करतात ते, तिच्या सासऱ्याच्या वडिलांच्या वेळेपासून घरात होते. नाव नव्हते त्याला, दाण्याच्या टोकाला काळा केस, म्हणजे कूस असते, म्हणून घरात त्याला ‘काळे कूस’ म्हणत. पूर्वी वाडीत सगळ्यांकडे असे. उंच वाढते, वाऱ्याने लोळते, म्हणून एकेकाने सोडले. खालची शेते मोठ्या शेतकऱ्याला कसायला दिली, वरचे खाचर राखीव ठेवले. पण बी नुसते डब्यात ठेवून जगत नाही. म्हणून नवरा दर तीन-चार वर्षांनी खाचराच्या मधोमध चार ओळी लावी, तेवढ्यापुरते पाणी घेई आणि बी ताजे करून ठेवी. पाटी त्यानेच खाली रस्त्यावर रोवली होती, कुणाला वर चढावे लागू नये म्हणून. तो गेल्या हिवाळ्यात गेला.

“म्हणून यंदा तुम्ही लावलंत,” मी म्हटले.

“डबा उघडला तर बी जुनं झालेलं. उगवेल की नाही कळेना. म्हणून सगळं टाकलं.”

“सगळं?”

“ते निम्मं मागे ठेवत असत, हे नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. मला त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ते काम त्यांचं होतं.”

मी विचारले, अधिकाऱ्यांशी बोलले तर? यंदाचे पैसे सोडून दिले, चूक कबूल केली, तर भात उभे ठेवता येईल. हा मार्ग मला येताना गाडीत सुचला होता, आणि तो तर्कशुद्ध होता. तिने विळा थांबवला आणि बांधाच्या पलीकडे, खाली चौघे उभे होते त्या दिशेला हनुवटीने खूण केली.

“माझं काय जायचंय? पण त्यांचे शिक्के आहेत ना त्या कागदावर. म्हातारपणी त्यांना कुणी विचारायचं का, की तुम्ही काय पाहिलंत म्हणून?”

ती पुन्हा वाकली. मी बांधावर उभी होते. मदत करू का असे विचारले, तेव्हा ती म्हणाली की नको, तुम्हाला विळ्याची सवय नसेल. ते खरे नव्हते, कापसाच्या पट्ट्यातल्या मुलीला विळा येतो; पण मी वाद घातला नाही. तोवर तेवढे शिकले होते.

शेवटची ओळही कापून झाली तेव्हा मी म्हटले की मला एक ठोंब द्या. मुळासकट. कापलेल्या भाताला पुन्हा फुटवे येतात, त्यांना लोंब्या धरतात. शहरात ओजिमा भागातल्या माझ्या घरी सज्जा आहे, मी बादलीत लावून पाहीन. तिला हसू आले. बादलीतले भात शाळेतली मुले लावतात, ती म्हणाली. तरी तिने दोन ठोंब खणून दिले, खताच्या रिकाम्या पिशवीत चिखलासकट बांधून. दहा वाजता अधिकारी वर आले, त्यांनी रिकाम्या खाचराकडे पाहिले, आणि चौघांच्या जुन्या शिक्क्यांखाली आपला शिक्का मारला. दुपारी कुणीतरी यंत्र लावून मुळेही जमिनीत गाडून टाकणार होते.

शिन्कान्सेन या जलदगाडीत ती पिशवी मी पायांत धरून बसले होते. ओजिमाच्या आमच्या वसाहतीत भारतीय कुटुंबे बरीच. शेजारच्या नागपूरच्या काकूंनी सज्ज्यातून डोकावून पाहिले आणि तुळस लावायची सोडून हे काय मांडलंस, असे विचारले. त्यांची सात वर्षांची नात म्हणाली, “ओकोमे!” आणि मग आपल्या आजीला कळावे म्हणून मराठीत, “तांदूळ आहे तो. आम्ही शाळेत लावलाय.” तिनेच मला सांगितले की पाणी बोटभर हवे आणि त्यात डास होतात, म्हणून तिच्या बाई पाणी बदलतात. मी पाणी बदलत गेले. दोनांपैकी एक ठोंब आठवड्यात पिवळा पडून गेला. दुसऱ्याला सप्टेंबरच्या आरंभी फुटवे आले, एक, मग तीन, मग सात. रोज कामाला जाण्यापूर्वी मी मोजत असे. कृषिविभागाच्या बियाणे संग्रहाकडेही मी चौकशी केली. ज्याला नाव नाही असे वाण त्यांच्या यादीत शोधता येत नाही, असे नम्र उत्तर आले.

वडिलांना सगळे सांगितले. मला वाटले होते ते काही चिमटा काढतील. ते म्हणाले,

“चौघं खाली उभे राहिले होते म्हणतेस ना? मंग त्यांनी पाह्यलं होतं माय. पाहून झालं होतं त्यांचं.”

नंतर बराच वेळ ते कापसाबद्दल बोलत राहिले, यंदा बोंडअळी कशी आहे, कापसाची पऱ्हाटी कुणी मोडली, कुणी ठेवली. पड राहिलेल्या जमिनी कुणाच्या, हेही त्यांना ठाऊक होते, निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

सप्टेंबर संपत आला तरी लोंबी दिसेना. फुटवे हिरवेगार, पोटरीचा पत्ता नाही. कारण मला महिनाअखेरीस सापडले. भाताला लोंबी धरण्यासाठी दिवस लहान झाल्याचे कळावे लागते, पुरेसा काळोख मिळावा लागतो. आमच्या वसाहतीच्या ओसऱ्यांतले दिवे संध्याकाळपासून सकाळपर्यंत जळतात, आणि समोरच्या इमारतीचे सगळे दिवे नेमके माझ्या सज्ज्याच्या समोर. त्या भाताच्या लेखी उन्हाळा संपलाच नव्हता. हे पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात आहे. मी ते परीक्षेत लिहिले होते, आणि नंतर वर्गात शिकवलेही होते. त्या दिवसापासून मी कोन्बिनी या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला मोठा खोका संध्याकाळी बादलीवर झाकू लागले आणि सकाळी काढू लागले. लोंब्या आल्या, ऑक्टोबरच्या शेवटी, पाच. कुसे खरोखरच काळी होती, बोटभर लांब. त्याच आठवड्यात थंडी आली. भाताचा फुलोरा अशा गारव्यात परागण करत नाही, हेही मला ठाऊक होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी त्या लोंब्या कागदात गुंडाळून आजीकडे गेले. आधी फोन केला होता, येऊ नका असे ती म्हणाली नाही. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवलेला होता. तिने लोंब्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या, कुसांवरून बोट फिरवले, आणि म्हणाली की रंग तोच आहे. मग दाणे ओरबाडून एका वाडग्यात काढले. बी निवडण्याची त्यांची रीत मला माहीत होती, पण पाहिली नव्हती. तिने दुसऱ्या मोठ्या वाडग्यात पाणी घेतले आणि मीठ घालत गेली. मधून मधून त्यात एक अंडे सोडून पाहायची. अंडे पाण्यावर नीट तरंगले तेव्हा मीठ थांबवले. भरलेले दाणे अशा पाण्यात तळाशी जातात. पोचट वर राहतात.

तिने दाणे पाण्यात सोडले. सगळे वर राहिले.

तिने लाकडी पळीने पाणी एकदा ढवळले. दाणे गोल फिरले, वाडग्याच्या कडेला लागले, आणि स्थिर झाले. तिने थोडे थांबून पुन्हा ढवळले. मी वाडग्याच्या तळाकडे पाहत होते. तिथे पांढऱ्या चिनीमातीवर निळ्या रेषा होत्या, त्यांशिवाय काही नव्हते. चौथ्या वेळेला तिने पळी बाजूला ठेवली.

मी म्हटले की चूक माझी आहे, दिव्यांचे मला आधी कळायला हवे होते.

“शहरात दिवे असायचेच,” ती म्हणाली.

तिने चाळणीवर दाणे गाळून घेतले आणि नळाखाली धुतले, मीठ लागलेले राहिले तर बी खराब होते म्हणून. मग जुने वर्तमानपत्र स्टोव्हच्या बाजूला पसरले, फार जवळ नाही, आणि त्यावर ते दाणे बोटांनी एकेरी थरात पांगवू लागली, एकावर एक येणार नाही असे. मी दुसऱ्या बाजूने पांगवायला घेतले. माझी परतीची गाडी केव्हाच सुटली होती. रात्रभर इथे वाळले पाहिजेत, ती म्हणाली, आणि सकाळी एकदा उलटायचे. मी बरे म्हटले.